गावाचा इतिहास आपल्या वहीत
लोणी नावाच्या तीन गावांच्या निमित्ताने

बेल्ह्याहून जेजुरीकडे जाणारा राज्यमार्ग जुन्नर तालुका मागे टाकून आंबेगाव तालुक्याच्या पूर्व कडेने दक्षिणेकडे उतरतो. या वाटेवर लोणी हे गाव लागते. शेजारी म्हाळसाकांत खंडोबाची धामणी असल्यामुळे पंचक्रोशीत ‘लोणी-धामणी’ असा जोडनावानेच त्याचा उल्लेख होतो. येथून पुढे पाबळ. तेथील पद्ममणी तीर्थामुळे हा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. दर्शनाला जाताना लोणीच्या पाटीवर नजर गेली असेल. तेथे थांबण्याचे कारण मात्र थोड्यांनाच पडले असेल.

तालुका एकच, पण त्याची दोन रूपे आहेत. पश्चिमेला भीमाशंकराच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो; पूर्वेला लोणीच्या माळावर पोहोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. म्हणून इकडची शेती बाजरी-ज्वारीची, पावसाच्या भरवशाची, आणि पाण्याची मागणी पिढ्यान् पिढ्यांची. अशा गावाला इतिहास विचारला, तर उत्तर बहुधा देवळापासून सुरू होते आणि देवळापाशीच थांबते. देऊळ कोणी बांधले, यात्रा कधी भरते, फार तर पाटलांचे घराणे कोठून आले, एवढे वडीलधारी माणसे सांगतात. गावात किती माणसे राहत होती, काय पिकवत होती, काय खात होती, कोणाकडून उसने घेत होती, दुष्काळात कोण गाव सोडून गेले आणि कोण परत आले, हे विचारले की बोलणे संपते.

हे सगळे कोठेच लिहिलेले नव्हते, असे नाही. बऱ्याच गावांत ते लिहिले जात होते आणि लिहिणारा माणूस कित्येकदा आपल्याच समाजाचा होता. त्याच्या वहीविषयी या लेखात थोडे सांगायचे आहे. तत्पूर्वी एका दुसऱ्या लोणीची हकीकत पाहू. कारण गाव नीट लिहून ठेवले तर काय हाती लागते, हे तिच्यावरून कळते.

लोणीकंद : मोजलेले गाव

पुणे जिल्ह्यात लोणी नावाची गावे अनेक. ओळखीसाठी पुढे आडनाव किंवा शेजारचे गाव जोडायची रीत पडली : लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी धामणी. यांपैकी लोणीकंद पुणे-नगर रस्त्यावर, पुण्यापासून बारा मैलांवर. आंबेगावच्या लोणीपासून पाबळ-शिक्रापूरमार्गे निघाले, तर साधारण पन्नास किलोमीटरच्या आत.

१८१८ साली पेशवाई संपली. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ज्या कोरेगावात लढाई झाली, ते भीमाकाठचे कोरेगाव लोणीकंदच्या जवळच आहे. नव्या सत्तेला मुलूख मिळाला होता, पण त्यात राहणारी माणसे कशी जगतात याची तिला कल्पना नव्हती. पुण्यात इंग्रजी रेसिडेन्सीकडे असलेले डॉक्टर टॉमस कोट्स यांनी एकच गाव निवडले आणि ते बारकाईने पाहून लिहून काढले. त्यांचा निबंध १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला आणि सोसायटीच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १८२३ साली छापून निघाला. गाव होते लोणी.

कोट्स यांनी शिवार मोजले. ते ३,६६९ एकर भरले आणि त्यातील निम्म्याहून थोडी अधिक जमीन लागवडीखाली होती. शेतकऱ्यांची कुटुंबे त्यांनी ८४ मोजली. घरे कशाची बांधली आहेत, कोण मिरासदार आणि कोण उपरी, बलुतेदार कोण आणि त्यांना काय मिळते, औते कोणती, जनावरे किती, बायका-पुरुषांचे कपडे काय किमतीचे, रोजचे अन्न काय, लग्नाला खर्च किती येतो, हे सगळे त्यांनी टिपले. हा माणूस वैद्य होता. रोग्याला तपासावे तसे त्यांनी गाव तपासले. लहानसहान लक्षणही वगळले नाही.

मिरासदार आणि उपरी हा भेद आज विसरला गेला आहे, म्हणून दोन शब्द. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला, गावाच्या मानपानात जागा असलेला. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. आज आहे, उद्या निघून जाईल. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या धुमाळीच्या मागोमाग १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला आणि पुणे प्रांतातील गावेच्या गावे ओस पडली. त्यानंतर जी गावे पुन्हा वसली, त्यांत परतलेले किती आणि नव्याने आलेले किती, हा प्रश्न महत्त्वाचा होता. कोट्स गावात पोहोचले, तेव्हा तो काळ पाहिलेली माणसे हयात होती.

या निबंधातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कोट्स यांनी कर्जही मोजले. चौऱ्यांशी कुटुंबांपैकी मोजकी सोडली, तर सारी ऋणात होती आणि गावावर एकूण कर्ज सुमारे साडेचौदा हजार रुपये होते. साहुकारी इंग्रजांमुळे आली असे पुढे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. पण इंग्रजी अंमल सुरू होऊन वर्ष-दोन वर्षे होतात न होतात, तोच हे आकडे लिहिले गेले आहेत. कर्ज जुने होते. बदलले ते पुढे, आणि कसे बदलले ते पुढे येईलच.

या निबंधाचा खरा उपयोग शंभराहून अधिक वर्षांनी झाला. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘सव्वाशे वर्षांनंतर : लोणीकंद तेव्हा आणि आता’ असा त्या इंग्रजी नावाचा अर्थ. पूर्वीची मोजणी हाताशी होती म्हणूनच ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांची तुलना शक्य झाली. आज लोणीकंदला गोदामे आहेत, खडीच्या खाणी आहेत, पुणे शहर वेशीला येऊन टेकले आहे. तेथील एखाद्या तरुणाला आपल्या गावात दोनशे वर्षांपूर्वी काय खात होते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याला उत्तर मिळते. भारतातील फारच थोड्या गावांना हे भाग्य लाभले आहे.

परदेशातले एक उदाहरण येथे आठवते. फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज पर्वतात माँतायू नावाचे एक खेडे आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी तेथे अडीचशेच्या आसपास माणसे राहत. धर्मपीठाला मान्य नसलेल्या एका पंथाचे अनुयायी शोधण्यासाठी जाक फूर्निए नावाच्या बिशपाने १३१८ ते १३२५ या काळात तेथील आणि आसपासच्या लोकांना बोलावून त्यांच्या जबान्या घेतल्या आणि त्या तपशीलवार लिहवून ठेवल्या. हाच बिशप पुढे पोप झाला. जबान्या घेण्यामागचा हेतू कठोर होता. पण त्या कागदांत मेंढपाळ कोठे चरायला जात, कोण कोणाकडे जेवायला बसे, घरात कोणाचे चाले, हे सारे उतरले. साडेसहाशे वर्षांनी, १९७५ साली, एमान्युएल ल रुआ लादुरी या इतिहासकाराने त्या दप्तरावरून एका खेड्याचे अख्खे जीवन उभे केले आणि ते पुस्तक जगभर वाचले गेले. राजाचा पत्ता नाही, लढाई नाही. केवळ एक खेडे.

लोणीची मोजणी आणि माँतायूच्या जबान्या यांत एक साम्य आहे. दोन्ही कागद इतिहास लिहावा म्हणून तयार झाले नव्हते. एक नव्या सत्तेच्या माहितीसाठी, दुसरा धर्मपीठाच्या चौकशीसाठी. इतिहास त्यांत आपसूक साठत गेला. दुकानातल्या वहीचेही असेच आहे.

गाव नाहीसे होते तेव्हा

कोणी म्हणेल, गाव तर जागेवर आहे, माणसे आहेत, मग कागदांची एवढी काळजी कशाला? याचे उत्तर आंबेगाव तालुक्यानेच दिले आहे, आणि तेही दोनदा.

ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्या जलाशयात मूळ गाव बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. महाळुंगे पडवळचे सुपुत्र आणि परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव या जलाशयाला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावातील बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. पाऊस आला की पुन्हा झाकले जातात. तालुक्याचे नाव रोज हजारो कागदांवर लिहिले जाते आणि ते नाव ज्याचे, ते गाव मात्र नाही.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगराचा कडा कोसळला आणि माळीण हे गाव चिखलाखाली गेले. १५१ माणसे दगावली. नेहमीच्या वेळी एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. नवे गाव पुढे दुसऱ्या जागी वसवण्यात आले. घरे पुन्हा बांधता आली. पण घरांबरोबर गेलेले कागद, छायाचित्रे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी परत आणता येत नाहीत.

लोणीसारख्या पूर्वेकडील गावांना धरणाचे किंवा दरडीचे भय नाही. तेथे गाव हळूहळू नाहीसे होते. पाण्याअभावी तरुण माणसे पुण्या-मुंबईला जातात, जुने वाडे पडतात, माळवदाच्या जागी पत्रा येतो, पेठेतील दुकान बंद होऊन कुलूप लागते. दुकानाच्या पोटमाळ्यावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे असतात. घर विकताना ते रद्दीत जातात. त्यांना वाळवी लागली आहे, वाचता कोणाला येत नाही, ठेवून करायचे काय, असे आपण म्हणतो; आणि गावाचे शंभर वर्षांचे दप्तर किलोच्या भावाने निघून जाते.

वाणी आणि गाव

या मुलखात व्यापाऱ्याचा वावर किती जुना आहे, हे जुन्नरला जाऊन पाहावे. कोकणातून घाटावर येणारी नाणेघाटाची वाट, तेथील सातवाहनांची राणी नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून लोक दाखवतात तो दगडी रांजण सर्वांना ठाऊक असतो. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट जुन्नरच्या लेण्यांत कोरलेली आहे. तेथील प्राचीन लेखांत व्यावसायिकांच्या श्रेणींचा, म्हणजे संघांचा, उल्लेख येतो. कासार आहेत, बांबूकाम करणारे आहेत आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही नोंद. अमुक एका राजाने दिले असे नव्हे. धान्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून दिले असे ते सांगतात.

नंतरच्या काळातील गावगाड्याचे वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात केले. पाटील, कुळकर्णी, बारा बलुतेदार, अलुतेदार यांचे हक्क ठरलेले असत. वाण्याचे स्थान यात जरासे वेगळे. त्याला बलुते नाही, गावकीत वतन नाही. पण मीठ, तेल, गूळ, कापड त्याच्याकडून येई आणि धान्य त्याच्याकडे जाई. राजस्थान आणि गुजरातमधून आलेली आपली कुटुंबे या व्यवस्थेत बाहेरून येऊन बसली. पहिली पिढी बैलावर माल लादून बाजार करणारी, दुसरी पेठेत दुकान मांडणारी, तिसरी गावातच जन्मलेली आणि मराठीतच भांडणारी. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार, मंचरची पेठ, घोडेगाव, जुन्नर, ओतूर, नारायणगाव येथील दुकाने यांतून हा विस्तार झाला.

एकोणिसाव्या शतकात जमीनमहसूल रोख आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरावा लागू लागला, तशी शेतकऱ्याला रोख रकमेची नड वाढली आणि वाण्याची वही जाड होत गेली. शेतजमीन गहाण ठेवता येऊ लागली, दिवाणी न्यायालयात हुकूमनामा मिळू लागला. पूर्वी कर्ज बुडाले तर वाणी पाटलाच्या दारी बसे. आता तो वकिलाकडे जाऊ लागला. कोट्स यांनी पाहिलेले कर्ज आणि हे कर्ज यांत हा फरक होता. रक्कम तीच असेल, पण तिच्यामागे आता जमीन जाण्याची भीती उभी राहिली.

सुप्याचा बाजारदिवस

यापुढील भाग आपल्या समाजाच्या मासिकांत फारसा येत नाही. तो टाळून मात्र या गावांचा इतिहास पुरा होत नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस इंग्लंडला मिळेना. हिंदुस्थानच्या कापसाचे भाव चढले, पैसा वाहू लागला, उधारी सैल झाली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात तीस वर्षांची जुनी आकारणी संपून नवी, वाढीव आकारणी लागू होऊ लागली. मुंबईच्या पेढ्यांनी हात आखडला, तसा गावच्या सावकारानेही आखडला आणि जुनी बाकी वसूल करण्याकडे वळला. शेतकऱ्याला नवे कर्ज मिळेना, जुने फिटेना, आणि न्यायालयाचे समन्स मात्र दारात येऊ लागले.

पहिली ठिणगी लोणीच्या शेजारच्याच तालुक्यात पडली. शिरूर तालुक्यातील कर्डे गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला : त्यांचे शेत कोणी कसायचे नाही, पाणी कोणी भरायचे नाही, हजामत कोणी करायची नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी जमावाने मारवाडी आणि गुजराती सावकारांची घरे-दुकाने लुटली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारी आयोगाने चौकशी केली, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. जमावाला मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले की जाळले जात आणि बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात न लावता लोक निघून जात. रोखे देण्यास नकार मिळाला, तेथे जबरदस्ती झाली.

त्या सावकारांत जैन होते, वैष्णव होते, स्थानिक ब्राह्मणही होते. त्यांच्यापैकी प्रामाणिक किती आणि लबाड किती, हे आज आपण ठरवू शकत नाही. काहींनी दुष्काळात गाव जगवले असेल. काहींनी न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला असेल. दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी एकाच घरातही घडल्या असतील. एवढे मात्र निश्चित, की जाळणाऱ्यांना वहीचे मोल कळले होते. आपला भूतकाळ आणि आपली जमीन त्या कागदांत अडकली आहे, हे त्यांना समजले होते. पण कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो जाळला.

यातून १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावरच न थांबता मागचा सगळा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. शेतकऱ्याचे व्यवहार गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, त्याला पावती आणि हिशेब मिळावा, असे ठरले. कायद्याचा रोख सरळ होता : वही दोघांनाही वाचता आली पाहिजे.

कर्जाचा प्रश्न मात्र कायद्याने सुटला नाही. त्याचे एक उत्तर तिसऱ्या एका लोणीने दिले. नगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील यांनी आधी गावाची पतपेढी आणि मग अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला. गावाने आपली पत आपणच सांभाळायची, असा तो मार्ग होता. तोवर १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आला होता आणि आपल्या बहुतेक कुटुंबांनी सावकारी सोडून किराणा, कापड, आडत, बियाणे यांत लक्ष घातले होते. बदललेल्या काळाशी जुळवून घेण्यात व्यापारी कधी मागे राहत नाही.

वहीत काय असते

पोटमाळ्यावरच्या त्या गठ्ठ्यांत काय काय असते? रोजमेळ, खातेवही, उधारवही, कधी जमाखर्चाच्या टाचणवह्या आणि पत्रांचा पुडका. वरवर पाहता रुक्ष आकडे. पण वाचता आले, तर गाव बोलू लागते.

कोणत्या खात्यावर कोणत्या महिन्यात काय गेले यावरून पेरणी, सुगी, लग्नसराई आणि यात्रा यांचे वेळापत्रक उलगडते. मिठाचे आणि रॉकेलचे भाव वर्षागणिक दिसतात. दुष्काळी सालात उधारीची पाने वाढतात, जमेची बाजू कोरी राहते. १९७२ च्या दुष्काळात हे किती वह्यांत दिसेल! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नियंत्रण आणि शिधावाटप आले, त्याच्या खुणा दिसतात. कधी एका खात्याखाली ‘गाव सोडून गेला’ अशी ओळ येते आणि बाकी तशीच राहते. बलुतेदारांची नावे असतात. ज्या जातींचा उल्लेख सरकारी इतिहासात ओळीपुरता येतो, त्यांच्यातील माणसे येथे नावानिशी भेटतात. बाईच्या नावाचे खाते निघाले, तर ती घर चालवणारी होती हे कळते. तलाठ्याच्या दप्तरात जमीन सापडते, पण जमिनीवर राहणाऱ्याने दिवाळीला किती गूळ नेला हे तेथे सापडत नाही. ते केवळ वाण्याच्या वहीत असते.

वाचण्यासाठी चार गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली लिपी. जुन्या वह्या मोडीत असतात. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांच्या वह्या महाजनी वळणाच्या अक्षरांत, कानामात्रा गाळून लिहिलेल्या असतात. दुसरी कालगणना. शकात ७८ मिळवले आणि विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारण इसवी सन मिळते : शके १८०० म्हणजे सुमारे १८७८, संवत १९३५ म्हणजेही सुमारे १८७८. वर्ष चैत्रात सुरू होते की कार्तिकात, याप्रमाणे एका वर्षाचा फरक पडू शकतो. तिसरी चलनाची रीत. एक रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. वहीत जेथे आणे संपून पैसे सुरू होतात, तेथे सन न लिहिताही काळ कळतो. चौथी मापे. पायली, मण, खंडी ही मापे गावोगाव वेगळी असत, म्हणून एका गावाचा मण दुसऱ्या गावाला लावू नये.

आपण काय करावे

ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत, त्यांनी सर्वप्रथम त्या विकू नयेत. धूळ झटकून, कोरड्या सुती कापडात बांधून, जमिनीपासून वर ठेवाव्यात; प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा अडकते आणि कागद कुजतो. बांधणीचा दोरा तोडू नये, पानांचा क्रम बदलू नये. गठ्ठ्यावर दुकानाचे गाव, पेठ आणि मिळालेले ठिकाण लिहून चिठ्ठी बांधावी. गाव कोणते हे विसरले गेले, तर वहीचे अर्धे मोल जाते.

नंतर छायाचित्रे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दिवसाच्या उजेडात, वही सपाट ठेवून, एकही पान न गाळता टिपावे. सुट्टीत घरी आलेल्या मुलांना हे काम द्यावे. आजोबा शेजारी बसले, तर नावांमागच्या गोष्टीही निघतील, त्या तिथेच ध्वनिमुद्रित कराव्यात. ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस आज घरात आहे. दहा वर्षांनी असेलच असे नाही.

वाचनासाठी मदत मिळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने गावोगावच्या घराण्यांचे असेच कागद गोळा करून जपले आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. त्यांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. आपल्या गावाचे नाव तेथील जुन्या कागदांत शोधता येते. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. घरातील एकाने जरी लिपी शिकून घेतली, तरी कुटुंबाचे काम भागेल.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. वहीत ज्यांची कर्जे लिहिली आहेत, त्यांची नातवंडे आज त्याच गावात मानाने राहतात. कोणाच्या पणजोबाने कधी काय गहाण ठेवले, हे चावडीवर वाचून दाखवण्याची गोष्ट नाही. भाव, पिके, मापे, बाजार, सण, दुष्काळ यांची माहिती गावाला द्यावी. व्यक्तींची बाकी झाकलेली राहावी. ते कर्ज कायद्याने आणि काळाने केव्हाच संपले आहे. आपल्या मनातूनही ते खाते बंद व्हावे. गावाला द्यायची प्रत शाळेला किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला द्यावी आणि ती देताना, आमच्या घराण्याने जे कमावले ते या गावातून कमावले, एवढे मोकळेपणाने सांगावे.

लोणीकंदला कोट्स भेटले. ते परके होते, थोडे दिवस राहिले आणि तरीही दोनशे वर्षे पुरेल एवढे लिहून गेले. आंबेगावच्या लोणीसारख्या शेकडो गावांना असा कोणी भेटला नाही. तेथे पेठेत बसलेला माणूस मात्र तीन-तीन पिढ्या रोज संध्याकाळी दिवा लावून लिहीत होता. त्याला पाटील, कुंभार, रामोशी, धनगर, सगळ्यांची नावे पाठ होती. आपण इतिहास लिहितो आहोत हे त्याच्या गावीही नव्हते. या दिवाळीला नवी वही पूजेला मांडण्यापूर्वी जुन्या गठ्ठ्याची एक गाठ सोडून पाहावी आणि पहिल्या पानावर ‘श्री’ खाली कोणत्या गावाचे नाव आहे, ते घरातल्या मुलांना वाचून दाखवावे.